शाळा सुटल्यावर मैदान कोणाचं?

दिवाळी आटोपते, हलका धान घरी येतो आणि भंडारा जिल्ह्यात मंडयांचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत अशी लोकनाट्यं. पाठोपाठ कबड्डीच्या सामन्यांचे फलक चौकाचौकांत लागतात. कापणी झालेल्या बांध्या मोकळ्या होतात आणि धुऱ्यावर दप्तरं टाकून पोट्टे तिथं स्टंप रोवतात. या दिवसांत मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या बाजूला जाणाऱ्या माणसाला वाटेल, इथल्या पोरांच्या हालचालीची काळजी करण्याचं कारणच काय?

कारण आहे, आणि ते मोजायला बसलं की दिसतं. बांधीत खेळणारे दहा-पंधरा जण तेच ते असतात. त्यांच्या वर्गातले बाकीचे कुठं असतात? त्या वर्गातल्या मुली कुठं असतात? आणि उन्हाळी धानाची रोवणी झाली की हे दहा-पंधरा तरी कुठं जातात? बावनथडी प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी तुमसर-मोहाडीच्या शिवारात पोहोचलं, दुसरं पीक आलं, हे चांगलंच झालं. पण जिथं दुसरं पीक उभं राहतं, तिथं बांधीतलं मैदान हिवाळ्याच्या काही आठवड्यांपुरतंच उरतं. पोरांचा खेळ असा शेताच्या सवडीवर टांगलेला आहे.

आंधळगाव हे कोशाचं गाव. इथल्या हातमागावरचं टसर रेशीम आणि विदर्भाच्या करवतकाठी साड्यांची परंपरा जाणकारांना ठाऊक आहे. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर मागावर बसणारा विणकर, घरात कांड्या भरणाऱ्या बायका-मुली, शिवारात धान आणि गावात पोलीस ठाणं, दुकानं, शाळा. शहरही नाही आणि अगदी आडगावही नाही, अशी शेकडो गावं महाराष्ट्रात आहेत. किशोरवयीन मुलांच्या शरीराचं पुढं काय होणार, हे अशाच गावांत ठरणार आहे. म्हणून आंधळगाव डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहितो आहे.

चारातली तीन

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा निकष आहे. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल, घाम येईल अशी हालचाल करावी. खेळ, सायकल, भरभर चालणं, शेतातलं काम, सगळं त्यात धरलं जातं. हा निकष लावून संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांची माहिती तपासली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘द लॅन्सेट चाइल्ड अँड अडोलसेंट हेल्थ’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. जगातली ८१ टक्के मुलं या निकषाला उतरत नाहीत. मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के, मुलींमध्ये ८५ टक्के. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के आहे.

जगाच्या तुलनेत आपण थोडे बरे, पण त्यात समाधान मानायला जागा नाही. आपला आकडा बरा का दिसतो, याचा अंदाज संशोधकांनीच मांडला आहे: मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळांचं वेड, मुलींच्या बाबतीत घरकाम. म्हणजे मुलगा खेळून हलतो आणि मुलगी राबून. आषाढ-श्रावणात रोवणीच्या बांधीत दिवसभर वाकलेली नववीतली पोरगी आकडेवारीत ‘सक्रिय’ ठरेल. पण तिच्या वाट्याला खेळ आला असं कोणी म्हणणार नाही. धावणं, उडी मारणं, हरणं, जिंकणं, आपल्या जोडीच्या पोरींवर विश्वास टाकणं, हे रोवणीत मिळत नाही. त्यासाठी मैदानच लागतं.

शाळेचं वेळापत्रक आणि भंडाऱ्याचा सूर्य

किशोरवयीन मुलाच्या दिवसाचा मोठा भाग शाळेच्या हातात असतो. कायदा शाळेला काय सांगतो? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा, असंही म्हटलं आहे. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. ज्या वयात शरीर सगळ्यांत वेगानं बदलतं, मुली खेळातून बाहेर पडू लागतात आणि दहावीचं ओझं खांद्यावर येतं, त्या नववी ते बारावीच्या वर्षांना त्याचं संरक्षण नाही.

नववी-दहावीत शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला नाहीतर विज्ञानाला जातो, हे प्रत्येक पालकाला माहीत आहे आणि बहुतेकांना ते मान्यही आहे. राज्य मंडळ दहावी-बारावीला क्रीडा कामगिरीसाठी २५ पर्यंत सवलतीचे गुण देतं. त्याचा फायदा स्पर्धेत पुढं जाणाऱ्या मोजक्यांना होतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या शालेय क्रीडा स्पर्धा होतात, त्यासाठी बारा जणांचा संघ निवडला जातो, त्याचा सराव होतो. उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. शाळेची क्रीडा व्यवस्था संघ घडवण्यासाठी उभी राहिली आहे. सगळ्या मुलांना रोज हलवणं हे तिचं काम आहे, असं तिला कोणी सांगितलेलंच नाही.

एका गोष्टीकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे सूर्य. भंडारा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे इथं सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी मावळतो. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य इथं साडेपाचलाच बुडतो. शाळा पाचला सुटते. मुलगी घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. हवा गार, जमीन कोरडी, खेळायला वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस, आणि हातात उजेड अर्ध्या तासाचा. मग येतो उन्हाळा. पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि दुपारी मैदानावर उभंही राहवत नाही. पावसाळ्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मैदानाचा चिखल.

याचा सरळ अर्थ असा, की मुंबई-पुण्याच्या घड्याळावर बसवलेलं वेळापत्रक इथं खेळाला जागाच ठेवत नाही. हिवाळ्यात खेळाचे तास शाळेच्या शेवटच्या दोन तासिकांत आले पाहिजेत. उन्हाळ्यात ते पहाटे आले पाहिजेत, कारण जो सूर्य इथं लवकर मावळतो तोच लवकर उगवतो. पावसाळ्यात शाळेचा व्हरांडा, गावचं सामाजिक सभागृह, समाजमंदिर इथं लेझीम, दोरीउड्या, सूर्यनमस्कार, नाच चालू शकतो. यासाठी निधी लागत नाही. मुख्याध्यापकांनी आपल्या गावच्या सूर्याकडे बघून वेळापत्रक आखायला हवं, एवढंच.

शाळेची वाट

पूर्वी शाळेत जाणं हाच व्यायाम होता. टोलीवरून, शेजारच्या गावातून मुलं चालत, पुढं सायकलवर येत. आज त्याच रस्त्यानं रेतीचे टिप्पर धावतात. वैनगंगा आणि तिच्या उपनद्यांची रेती हे या भागाचं मोठं अर्थकारण आहे आणि अरुंद रस्त्यावरची भरधाव वाहनं ही पालकांची मोठी धास्ती. म्हणून ज्याला परवडतं तो मुलाला ऑटोत बसवतो किंवा मोटारसायकलवर सोडून येतो. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. त्या पासमुळं हजारो मुलींची शाळा टिकली. हे श्रेय मोठं आहे आणि ते मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे. चालणं बसनं संपवलं असेल, तर ते चालणं मुलीला दुसरीकडे परत मिळालं पाहिजे, आणि ती जागा शाळाच आहे.

सायकलीची ताकद बिहारनं दाखवून दिली आहे. २००६ मध्ये तिथल्या सरकारनं नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देणं सुरू केलं. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसलं, की त्यामुळं माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. घोळक्यानं सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली ही रस्त्यावरची नेहमीची गोष्ट झाली, तेव्हा गावाची नजरही बदलली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पण सायकल देणारा विभाग एक आणि रस्ता बांधणारा दुसरा. डांबराच्या कडेला दोन हात रुंद, मुरूम दाबलेली पट्टी राखली, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी टिप्परना गावातून जायला मनाई केली, तर ती सायकल रोज चालेल.

आखर गेलं, मैदान आलं नाही

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, प्रत्येक गावाला आखर असायचं. सकाळी गुरं तिथं गोळा व्हायची, गुराखी घेऊन गेला की उरलेला दिवस ते पोरांचं. पुढं गुरं कमी झाली आणि गावोगाव आखरावर इमारती आल्या. कुठं सभागृह, कुठं पाण्याची टाकी, कुठं गोदाम, कुठं कोणाचं अतिक्रमण. विणकरांच्या आळीत ताणा पसरायला जी लांब मोकळी जागा लागायची, तिचीही गत वेगळी नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावात पोहणारी मुलं आजही दिसतात, पण काठावर कोणी मोठं माणूस नसतं. मुलींना तर पोहायला शिकवण्याचा विचारही होत नाही. तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या भंडाऱ्यात प्रत्येक किशोराला पोहता यावं, ही अपेक्षा अवास्तव नाही.

सार्वजनिक जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात स्पष्ट निकाल दिला: गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवून ती गावाला परत करावी, त्यासाठी राज्यांनी योजना आखाव्यात. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनंही आदेश काढले. कायदा गावाच्या बाजूनं आहे. गावानं मागणी करायची बाकी आहे.

राज्याच्या धोरणात तालुका क्रीडा संकुल आहे. २०२२ मध्ये त्यासाठीची अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी झाली. संकुलं हवीतच. पण तालुक्याच्या ठिकाणचं संकुल गावातल्या आठवीतल्या मुलीसाठी रोज संध्याकाळी उपयोगी नाही. तिच्यासाठी मैदान म्हणजे घरापासून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावरची जागा.

आणि अशी जागा फार मोठी लागतही नाही. मुलींच्या कबड्डीला बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद जागा पुरते. खो-खोचं मैदान सत्तावीस बाय सोळा मीटर. त्यात एका वेळी बारा जण धावतात, बसतात, उठतात, आणि एकालाही उभं राहून वाट पाहावी लागत नाही. आट्यापाट्या तर विदर्भाचा आपला खेळ. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या की सुरू. क्रिकेटला अख्खा माळ लागतो आणि तरी निम्मे खेळाडू उभेच असतात. जिथं जागा कमी आणि मुलं जास्त, तिथं आपले देशी खेळ हाच शहाणा मार्ग आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. या खेळात पुढं काही नाही, असं आता कोणी म्हणू नये.

मुलींची संध्याकाळ

पाचवी-सहावीपर्यंत मुलगी गल्लीत लंगडी खेळते. पाळी आली की एकेक दार बंद होतं. ‘आता मोठी झाली’ म्हणत आई आत बोलावते. आई वाईट नसते. तिला गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या टोळक्याची भीती असते, लोकांच्या बोलण्याची भीती असते. शाळेत स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर मुलगी महिन्यातले काही दिवस खेळाच्या तासाला मागंच बसते. सलवार-कमीज घालून धावायला संकोच, ट्रॅक पँट घालायला परवानगी नाही.

त्यात अशक्तपणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे. अशा मुलामुलींना खेळायला बंदी नसते, पण त्यांना पाणी, विश्रांती आणि जाणकार शिक्षक लागतो. दम लागून मागं पडणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याआधी तिचं रक्त तपासलं पाहिजे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी आणि मैदान या दोन गोष्टी एकत्रच चालायला हव्यात.

मोबाईलवर सगळा दोष ढकलणं सोपं आहे. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. तरी जगभरच्या पाहणीत मुलीच कमी हलताना दिसतात. फोन हेच मुख्य कारण असतं तर चित्र उलटं दिसलं असतं. मुलगी घरात आहे, कारण तिला बाहेर जागा नाही. मुलगा फोनमध्ये आहे, त्याचंही बऱ्याच अंशी तेच कारण आहे.

भरतीची पहाट

या सगळ्यात एक दृश्य आशा देतं. विदर्भातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. शारीरिक चाचणी पन्नास गुणांची. या तयारीनं गावात मोठा बदल केला. मुलीनं पहाटे ट्रॅक पँट घालून धावणं इथं मान्य झालं, कारण त्यात नोकरी दिसते. गावानं मनावर घेतलं की लोकलाज बाजूला ठेवता येते, याचा हा पुरावा आहे.

पण भरतीचं धावणं सतरा-अठराव्या वर्षी सुरू होतं आणि निवड झाली नाही की थांबतं. धावायला मैदान नसतं म्हणून ते डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या बाजूनं, अंधारात होतं. तेराव्या वर्षापासून ज्याला मैदान मिळालं, त्याला भरतीच्या वर्षी गुडघे दुखावून घ्यावे लागणार नाहीत. आणि भरती झाली नाही तरी सवय त्याच्याजवळ राहील.

आपलीच जुनी वाट

विदर्भाला हे नवीन नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला, त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं जगासमोर कबड्डी आणि इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. व्यायाम हा एकट्याचा छंद नव्हे, ते गावाचं काम आहे, ही त्यांची शिकवण. विदर्भात गावोगावी त्यांची गुरुदेव सेवा मंडळं संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जमतात. प्रार्थनेच्या आधी तास-दीड तास त्यांतली चार माणसं मैदानावर बसली, तर मुलींना खेळायला पाठवताना कोणत्या आईला भीती वाटेल?

जिम्मेदार मोठी माणसं सोबत असली की काय घडतं, हे आइसलँडनं दाखवलं आहे. तिथं १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन नशा केल्याचं सांगितलं होतं. शाळा, पालक आणि नगरपालिका एकत्र आल्या. शाळेनंतरच्या वेळेत खेळ-कलांचे संघटित वर्ग सुरू झाले, पालकांनी संध्याकाळी मुलांसोबत वेळ द्यायचं ठरवलं. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि दारू आपल्या गावांत किती लवकर पोरांच्या हाती पडते हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

काय करायचं

शाळा म्हणते, पाचनंतर मुलं आमची जबाबदारी नाहीत. गाव म्हणतं, मैदान शाळेचं आहे, फाटकाला कुलूप आहे. आईबाप म्हणतात, अंधारात कुठं पाठवायचं? तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्या तिघांच्या मधे पोरांची संध्याकाळ वाया जाते आहे. किशोरांच्या हालचालीचा प्रश्न त्यांच्या आळसाचा नाही. शाळा आणि वस्ती यांच्यामधल्या या बेवारस दोन तासांचा आहे. ते तास गावानं आपले म्हणून उचलले पाहिजेत.

ग्रामसभेत ठराव करता येतो: शाळेचं मैदान सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात खुलं राहील, देखरेखीला गावातली चार माणसं, त्यांत दोन बाया, आळीपाळीनं असतील, आठवड्यातले तीन दिवस मैदान मुलींचं राहील, फाटकाशी आणि मैदानावर एकेक दिवा लागेल. क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, रोजगार हमीच्या कामांच्या यादीत खेळाच्या मैदानाचा समावेश राहिला आहे, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात दिव्याचा खर्च बसतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. कुलूप उघडण्याचा विषय तिथं मांडता येतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. मुलींच्या मैदानाचा विषय आधी तिथं आला, तर पुढं तो कोणाला टाळता येणार नाही.

आंधळगावच्या, मोहाडीच्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावच्या वाचकाला विनंती आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा होईल. रस्ता, नाली, घरकुल यांच्या यादीत एक ओळ वाढवा: शाळा सुटल्यावर मैदान खुलं. आणि त्या ठरावावर पहिली सही तेरा वर्षांची मुलगी असलेल्या आईची घ्या.